सातव्या फळीवरचा अंगठा

नागपूर, ६ सप्टेंबर १९७८

चंद्रभान,

मायना लिहीत नाही. सोळा वर्षांनी लिहिणाऱ्या बहिणीने भावाला कोणता मायना लिहावा, हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही आणि मीही कुठल्या वर्गाला शिकवलेलं नाही. तुझा भिलाईचा पत्ता रुपराव पेंटरने दिला. त्याचा भाचा तुझ्याच कारखान्यात आहे.

काम एकच आहे. हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांच्या आत दवाखान्यात जा. छाती, रक्त, रक्तदाब, सगळं तपासून घे आणि डॉक्टर काय म्हणाले ते कळव. कार्ड टाकलंस तरी चालेल.

कारण असं की सातव्या फळीवरचा तुझा अंगठा ओला झाला आहे.

पत्र फाडू नकोस. सोळा वर्षांत तू काय विसरलास आणि काय नाही ते मला माहीत नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

बाबांनी जुन्या शुक्रवारीत 'महादेव रंग भांडार' काढलं ते १९३३ साली. तेव्हा तयार रंगाचे डबे आपल्या गल्लीला परवडत नसत. चुना, गेरू, नीळ, रंगाच्या पुड्या आणि तेलघाणीवरून आणलेलं जवसाचं तेल, एवढ्यावर दुकान. गिऱ्हाईक तोंडाने रंग सांगे आणि बाबा तो कालवून देत. दुसऱ्याच वर्षी एका गृहस्थाने घर रंगवून झाल्यावर, हा रंग मी सांगितलाच नव्हता, म्हणून भांडण केलं. तेव्हापासून बाबांनी नियम केला. रंग कालवून झाला की गिऱ्हाइकाने त्यात अंगठा बुडवायचा आणि दुकान बंद करायच्या लाकडी फळीवर, आतल्या बाजूने, उठवायचा. खाली बाबा बारीक ब्रशने नाव आणि साल लिहीत. अंगठा दिला, रंग पसंत. पुढे घर पुन्हा रंगवायचं झालं की तोच ठिपका पाहून तोच रंग. अशा तेरा फळ्या भरल्या.

१९४१ साली तिसऱ्या फळीवरचा एक हिरवा अंगठा मऊ लागला. सहा वर्षांपूर्वीचा. फळीवर नाव घरमालकाचं, गणपतरावांचं होतं, पण त्या दिवशी ते गावाला गेले होते म्हणून अंगठा धाकटे भाऊ वामनराव मास्तर यांनी दिला होता. बाबांना वाटलं, आपलं तेल खराब निघालं, मास्तरांच्या भिंतीही चिकट झाल्या असतील. ते माफी मागायला गेले. भिंती खणखणीत होत्या. मास्तरांनी चहा पाजला. चौथ्या दिवशी मास्तर गेले. गणपतराव पुढे वीस वर्षं जगले. मास्तरांना पोचवून बाबा परत आले तेव्हा तो अंगठा दगडासारखा वाळलेला होता.

त्यानंतर किती वेळा असं झालं ते तुला माहीत आहे.

मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र घेऊन. काय वाळतं आणि काय वाळत नाही हे मला कळतं. तीस वर्षांपूर्वी वाळलेलं जवसाचं तेल पुन्हा ओलं होत नाही. ते झालं आहे, एवढंच तुला कळवते आहे.

बाकी ठीक. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तार मिळाली असेलच. दुकान मी पाहते. फळ्या उचलताना दम लागायला लागला म्हणून उन्हाळ्यात लोखंडी शटर बसवून घेतलं. फळ्या मागच्या भिंतीला उभ्या आहेत.

दवाखान्यात जा.

सुभद्रा


नागपूर, २४ सप्टेंबर १९७८

चंद्रभान,

कार्ड मिळालं. 'प्रकृती ठीक. पुन्हा अशी पत्रे पाठवू नयेत.' सात शब्द. अक्षर अजून डावीकडे कलतं. दवाखान्यात गेलास की नाही ते त्यात नाही. उत्तर प्रश्नाला धरून असावं.

म्हणून पुन्हा लिहिते.

पहिल्यांदा मला वास आला. दुपारी दीडची वेळ, बाहेर ऊन, दुकानात कोणी नाही, आणि कच्च्या जवसाच्या तेलाचा वास. गेली सात वर्षं दुकानात ते तेल येत नाही. आता कंपनीचे सीलबंद डबे येतात आणि सोबत छापील पट्ट्या. लोक त्या पट्टीवर बोट ठेवून रंग मागतात. कालवणं गेलं आणि अंगठाही गेला. वास कुठून येतो म्हणून मी एकेक फळी हुंगत गेले. सातव्या फळीपाशी थांबले.

तुझा तो जांभळा. सोळाव्या वर्षी सदऱ्यावर जांभळाचा डाग पाडून घेतलास आणि आईने तीनदा धुतल्यावर जो रंग उरला तो हुबेहूब कालवून दाखवलास. बाबांनी तुझा अंगठा त्याच दिवशी घेतला. घरातल्या माणसाचा पहिला अंगठा.

त्यावर एक माशी चिकटली होती. जिवंत होती.

मी प्रयोग केला. टाचणीच्या टोकाएवढा रंग काढून काचेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो वाळला, कुठलाही तेलरंग वाळतो तसा. फळीवरचा मात्र तसाच. उभ्या फळीवरचा ओला रंग खाली ओघळायला हवा, तोही ओघळत नाही. अंगठ्याच्या रेषा मात्र आत्ताच कोणी बोट उचलल्यासारख्या स्पष्ट दिसतात. माझ्या बोटाला लागलेला रंग टरपेंटाइनने गेला नाही. आठ दिवसांनी आपोआप गेला.

रुपरावला दाखवलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई, हे पाहून राहिलो ना मी, मले काही बरं दिसत नाही."

"तुला काय दिसतं ते सांग. बरं की वाईट ते मी ठरवीन."

"तुम्ही शाळेतून निघाल्या, पण शाळा काही तुमच्यातून निघाली नाही," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मोठे मालक असते तर आता टोपी घालून चहाले निघाले असते."

तो विनोद नव्हता. वामनराव मास्तरांनंतर बाबांनी तेच सुरू केलं होतं. अंगठा मऊ लागला की त्या घरी जायचं, चहा घ्यायचा, मुलाबाळांची चौकशी करायची, भिंतीवरून एकदा हात फिरवायचा आणि निघायचं. सांगायचं काही नाही. बाबांचं म्हणणं, जाणाऱ्या माणसासोबत कोणीतरी सगळं माहीत असलेलं घटकाभर बसावं. लोकांना हे कळायला दहा-बारा वर्षं लागली. कळल्यावर बाबा गल्लीतून चालू लागले की दारं लागत. प्रयागबाई आठवते? बाबा ओट्याशी थांबताच ती आतून ओरडली होती, "महादेवराव, चहापत्ती संपली आमची! साखरबी संपली! नळाले पानीबी नाही!"

"अवं बाई, तुह्या घरी आमची घोडी राहिली, रंगाले चढाची. ते मांगाले आलो मी."

"घोडी अंगणात आहे, घेऊन जा. पण घरात पाय नोका ठेवू गा बाप्पा!"

तू हसून हसून दुकानाच्या पायरीवर बसला होतास. देवकीही हसली होती. तुझी नवी नवरी होती, पदर तोंडात धरून हसत होती.

देवकीचं लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, म्हणून लिहिते. ती रामटेककडची. तुमच्या खोलीला कोणता रंग हवा विचारलं तर म्हणाली, नुकता वर आलेला धान दुरून दिसतो तसा. बाबांना तो कालवायला तीन दिवस लागले. तिने अंगठा दिला तो अकराव्या फळीवर. १९६२ साली, दिवाळीच्या आधी, तिला आठवा महिना असताना तो मऊ झाला. बाबांना दिसला. बाबा गप्प राहिले. पाचव्या दिवशी ती आणि मूल दोघंही गेली, आणि बाबांना आधीच ठाऊक होतं हे कळल्यावर, तेराव्यानंतर, तू घर सोडलंस.

बाबा चुकले असं तुला वाटतं. मीही इतकी वर्षं त्यांची बाजू घेतली नाही, हे ध्यानात घे.

म्हणूनच या वेळी मी गप्प बसत नाही. तपासून घे.

सुभद्रा


नागपूर, १० ऑक्टोबर १९७८

चंद्रभान,

पाकीट मिळालं. तू दवाखान्यात गेलास हे चांगलं केलंस. छातीचा फोटो स्वच्छ, रक्त चांगलं, रक्तदाब ठीक. डॉक्टर म्हणाले की हा माणूस आणखी तीस वर्षं भट्टीसमोर उभा राहील. तो कागद मी दोनदा वाचला आणि बाबांच्या फोटोमागे ठेवला.

शेवटी तू एकच ओळ लिहिली आहेस. 'ताई, फळ्या रोज कोण पुसत होतं?'

मला वाटलंच होतं की हा प्रश्न कधीतरी येईल. बासष्ट साली तू रागात होतास, तुला सुचला नाही. भिलाईत सुचला.

मी पुसत होते.

शाळेतून आल्यावर, फळ्या लावण्याआधी, कोरड्या फडक्याने. त्या दिवशी अकराव्या फळीवर फडकं चिकटलं. ओढलं तर धाग्यांना हिरवा रंग लागला. मी बाबांना बोलावलं. बाबांना मोतीबिंदू होता, त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी बोट लावून पाहिलं. म्हणजे बाबांना दिसला असं मी मागे लिहिलं ते खोटं होतं.

मी म्हटलं, "चंद्रभानला सांगू या. मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन दाखवू."

बाबा म्हणाले, "सांगू नोको, सुभद्रा. आजवर सांगून कोणाचं टळलं? चार दिवस राहिले असतील तिचे. ते तरी भेवात काहून घालवाले लावतेस?"

"आजवर तुम्ही सांगितलंच कुठं कोणाला?"

बरोबर होतं माझं. त्यांनी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं, मग टळतं की नाही हे त्यांना कळणार कसं? मला हे तेव्हाच, उभ्या उभ्या कळलं होतं. असा प्रयोग एखाद्या मुलीने वर्गात मांडला असता तर मी तिला शून्य दिलं असतं.

तरी मी तुला सांगितलं नाही. स्वतःची समजूत घातली की आपण शिकलेल्या, आपला या गोष्टींवर विश्वास नाही, आपण असलं बोललो तर शोभणार नाही. विश्वास नव्हता तर त्या चार दिवसांत मला घास का उतरत नव्हता?

बाबा स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसले. ते कधी स्वयंपाकघरात बसत नसत. म्हणाले, "सूनबाई, चहा टाक वं."

देवकीने चहा केला. कप त्यांच्यापुढे ठेवला आणि हसत म्हणाली, "बाबा, आज घरातच चहाले आले तुम्ही?"

मग तिचं हसू थांबलं. तिने बाबांकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. दुसरा कप भरला आणि स्वतःही समोर बसून प्यायली. म्हणजे तिलाही समजलं. तिघांना माहीत होतं. एक तूच कामावर होतास.

ती गेली त्या संध्याकाळी अकरावी फळी पाहिली. हिरवा दगड झाला होता. फडक्याचे दोन धागे त्यात तसेच आहेत. अजून आहेत.

पाच दिवसांत मेडिकलला नेलं असतं तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. ते कळण्याची सोय मी ठेवली नाही. एवढंच तुला सांगायचं होतं. आता सगळं सांगितलं.

अंगठा अजून ओला आहे. मला त्याचा अर्थ लागत नाही.

सुभद्रा


नागपूर, २१ ऑक्टोबर १९७८

चंद्रभान,

मागच्या पत्रात सगळं सांगितलं असं लिहिलं. ते खरं नव्हतं. तू उत्तर दिलेलं नाहीस आणि मी वाट पाहत बसणार नाही. राहिलेलं लिहिते, मग तू काय करायचं ते कर.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी बाबांनी लांबी भरायची लोखंडी पट्टी माझ्या हातात दिली. "चंद्रभानचा अंगठा काढ सातव्या फळीवरून," म्हणाले. कोणाचाही अंगठा कधी खरवडायचा नाही, हा त्यांचाच नियम. मी विचारलं, काहून? ते म्हणाले, "राहिला तर मले रोज हात लावून पाहावं लागते. पोरगं दूर आहे. तो मऊ झाला तर मी चहाले कुठं जाऊ?"

तुला हे कळलं असतं तर त्यांनी तुला घरातून पुसून टाकलं असंच तू समजला असतास. गल्लीतही तसंच बोललं गेलं, आणि मी कोणाचं बोलणं दुरुस्त केलं नाही. त्यांना भीती वाटत होती, एवढंच होतं ते.

मी खरवडला. लाकूड दिसेपर्यंत. खाली फक्त तुझं नाव आणि १९४८ हे साल राहिलं.

बाबा गेले त्या महिन्यात मला ती मोकळी जागा बघवेना. दुकानात उरलेलं थोडं जुनं तेल होतं, पुड्या होत्या. तुझा जांभळा मी कालवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आला. तू नव्हतास, मग अंगठा कोणाचा उठवणार? मी माझा उठवला. तुझ्याच नावावर, त्याच जागी. ही गोष्ट रुपरावलाही माहीत नाही.

आणि तो ओला झाल्यावर मी तुला लिहिलं, तुझा अंगठा. मला वाटलं, रंग तुझा, नाव तुझं, तर इशाराही तुझाच. तीस वर्षांपूर्वीचं तेल असं लिहिलं. ते दोन वर्षांपूर्वीचं आहे. मी तुला फसवण्यासाठी लिहिलं नव्हतं. मला स्वतःलाच ते दोन वर्षांपूर्वीचं आठवायचं नव्हतं.

तुझा कागद स्वच्छ आला तेव्हा मी बसून विचार केला. जो विचार पहिल्याच दिवशी करायला हवा होता. नाव धरायचं, रंग धरायचा, की अंगठा? वामनराव मास्तरांचं उदाहरण मीच तुला लिहिलं होतं. नाव गणपतरावांचं, घर गणपतरावांचं, रंग गणपतरावांच्या पसंतीचा. अंगठा मास्तरांचा. गेले मास्तर.

मी शाळेतलं भिंग आणलं. सातव्या फळीवरच्या अंगठ्यात एक आडवी चीर आहे. डबा उघडताना झाकणाने कापलं होतं, पंच्याहत्तर साली. माझ्या उजव्या अंगठ्यावर ती चीर आहे. तुझ्या अंगठ्यावर नव्हती, तुझे हात मला ठाऊक आहेत, लहानपणी मीच धूत होते.

तेव्हा तू निश्चिंत राहा. डॉक्टर म्हणाले तशी तीस वर्षं काढ.

मीही मेडिकलला जाऊन आले. बाबांचा प्रयोग अपुरा राहिला होता, तो पुरा करावा म्हणून. या वेळी सांगून पाहिलं. फळीचं डॉक्टरांना सांगितलं नाही. दम लागतो, डाव्या खांद्यात दुखतं, एवढंच सांगितलं. तरुण डॉक्टर होता. त्याने छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावून ती दाखवली. भरती व्हा म्हणाला. मी सोमवारी भरती होणार आहे. गोळ्या सुरू केल्या आहेत. पथ्य पाळते आहे. टळलं तर टळलं. नाही तर निदान या खेपेला कोणी गप्प बसून राहिलं नाही.

आज सकाळी हात लावून पाहिला. पूर्वीपेक्षा जास्त ओला आहे. माझा अंगठा त्या ठशावर ठेवून पाहिला. नीट बसला. फळी गार असते, पण तेवढी जागा कोमट होती.

मला भीती वाटते, चंद्रभान. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

दुकानाचं काय करायचं ते तू ठरव. फळ्या विकू नकोस, जाळू नकोस. तेरा फळ्यांवर हयात माणसांचे फक्त नऊ अंगठे उरले आहेत, मी मोजले. एवढ्यांच्या घरी अधूनमधून कोणी जाऊन बसायला हवं. आणि जाईल त्याने बोलायला हवं. बाबांचं तेवढंच चुकत होतं.

सोमवारपर्यंत चार दिवस नाहीत, दोनच आहेत. हे पत्र मी डाकेने पाठवत नाही. सुट्टीवर आलेला रुपरावचा भाचा आज भिलाईला परत निघाला आहे, तो तुझ्या हातात देईल. गाडी मिळाली तर उद्या ये. क्षमा वगैरे मागायला मी बोलावत नाही, तू ती द्यावी असंही नाही. बाबा जात तसा ये. समोर बस, भिंतीवरून एकदा हात फिरव, वाटलं तर भांड.

घरात चहापत्ती आहे, साखर आहे, आणि नळाला पाणीही आहे.

सुभद्रा